डब्यावरची चिठ्ठी

जयपूरला आलेला पाहुणा आमेर बघतो, हवामहल बघतो आणि संध्याकाळी राजमंदिर टॉकीजचं तिकीट काढतो. सिनेमा कोणता लागलाय, हे पुष्कळदा विचारतही नाही. १ जून १९७६ रोजी ‘चरस’ या चित्रपटाने हे थिएटर सुरू झालं. त्याचे वास्तुविशारद डब्ल्यू. एम. नामजोशी, मुंबईच्या लिबर्टी टॉकीजची आतली सजावटही त्यांचीच. लाटांसारखं ते छत आणि ती झुंबरं आजही झळकतात, कारण कुणीतरी त्यांची निगा राखतं.

त्या दालनात उभा राहिलो की माझ्या मनात एकच प्रश्न येतो: पडदा राहिला, पण त्यावर दिसलेली चित्रं कुठे आहेत?

या प्रश्नाने ऑस्ट्रेलियाला फार छळलं. ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ हा जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट मानला जातो. नेड केली या बंडखोर दरोडेखोराची ती कथा डिसेंबर १९०६मध्ये मेलबर्नला झळकली. तासाभराहून मोठा हा चित्रपट पुढे पार हरवला. तुकडे गोळा करत करत २००६ साली त्यातली सतराएक मिनिटं पुन्हा पाहण्याजोगी झाली. बाकीचं गेलं ते गेलंच.

तिथलीच दुसरी गोष्ट मात्र धीर देणारी आहे. ‘वेक इन फ्राइट’ हा १९७१चा चित्रपट. आडगावच्या खाणवस्तीत अडकलेल्या, जुगारात सगळे पैसे घालवून बसलेल्या एका शाळामास्तरची ही कथा. चित्रपटाची मूळ निगेटिव्ह बेपत्ता झाली. संकलक अँथनी बकली यांनी ती वर्षानुवर्षं शोधली. अखेर २००४ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये ती सापडली. आणि डब्यांवर लिहिलं होतं, ‘नष्ट करण्यासाठी’! २००९ साली तोच चित्रपट नव्या झळाळीने कान महोत्सवात दाखवला गेला. एका माणसाच्या चिकाटीने देशाचा ठेवा वाचला.

आपल्याकडे असा माणूस होता: पी. के. नायर. १९६४ साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं आणि नायरांनी गावोगाव फिरून रिळं जमवली. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’मध्ये त्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण झालेली आज दिसते, ती नायरांमुळेच. पण ‘आलम आरा’? १९३१ साली गिरगावातल्या मॅजेस्टिक टॉकीजला गर्दी उसळवणाऱ्या या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत हाती नाही. त्या काळची कितीतरी रिळं तर आतल्या चांदीसाठी वितळवली गेली.

म्हणून एक विनंती. जत्रेत तंबू ठोकणाऱ्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या टॉकीजच्या अडगळीत अजूनही गंजलेले डबे असतील. फिल्मला आंबट वास येत असेल, तर ती कुजायला लागली आहे असं समजा. पण भंगारवाल्याला देऊ नका. उन्हापासून आणि विस्तवापासून दूर, थंड जागी ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. डब्यावर चिठ्ठी असेल, तर तीही फाडू नका. आत काय आहे, हे सांगणारं कदाचित तेवढंच उरलं असेल.