राहत्या घरासाठी संगीत

घर बांधून देणारी कंपनी भिंती, खिडक्या आणि नळ यांचा विचार करते; त्या घरात काय ऐकू यावे, हा प्रश्न सहसा तिच्या कामात धरला जात नाही. जपानमधील मिसावा होम या कंपनीने तो धरला, आणि कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर जोडल्या जाणाऱ्या आपल्या घरांसाठी दोन संगीतकारांकडून ध्वनिमुद्रिका करवून घेतल्या. हिरोशी योशिमुरा यांची ‘सराउंड’ आणि युताका हिरोसे यांची ‘नोव्हा’ या दोन्ही 1986 साली ‘साउंडस्केप’ या एकाच मालिकेत निघाल्या. साउंडस्केप, म्हणजे एखाद्या ठिकाणी कानावर पडणाऱ्या सगळ्या आवाजांचा मिळून होणारा पट, हा शब्द मुख्यतः कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांच्या लेखनामुळे रूढ झाला.

संगीताकडे घरातल्या सामानासारखे पाहण्याची कल्पना त्याआधीची आहे. फ्रेंच संगीतकार एरिक साती यांनी अशा रचनांना ‘फर्निचर संगीत’ म्हटले होते, आणि 1920 साली पॅरिसमध्ये त्या वाजू लागल्या तेव्हा श्रोत्यांनी लक्ष न देता गप्पा माराव्यात असा त्यांचा आग्रह असूनही श्रोते गप्प बसून ऐकत राहिले. पुढे ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी 1978 च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या ध्वनिमुद्रिकेतून ‘ॲम्बिअंट’ ही संज्ञा दिली: लक्ष दिले तर गुंतवणारे आणि न दिले तरी चालणारे, भोवतालात मिसळून राहणारे संगीत. जपानमध्ये या प्रकाराला ‘कान्क्यो ओंगाकु’, म्हणजे परिसराचे संगीत, हे नाव मिळाले.

विमानतळावर माणूस जाण्यासाठी थांबलेला असतो, तर घरात तो राहतो, झोपतो, आजारी पडतो, भांडतो. त्यामुळे घरासाठी रचना करणे अधिक अवघड आहे. योशिमुरा यांनी ‘सराउंड’मध्ये सिंथेसायझरचे, म्हणजे विद्युत्-लहरींपासून स्वर घडवणाऱ्या वाद्याचे, मऊ स्वर घेतले, छोट्या स्वराकृती सावकाश फिरवल्या, आणि दोन स्वरांमध्ये इतकी मोकळी जागा ठेवली की घरातले इतर आवाज तिथे अडखळल्याशिवाय येऊन बसावेत. बंदिस्त खोल्यांसाठी केलेल्या या रचनांपैकी काहींची नावे मात्र ‘वॉटर प्लॅनेट’, ‘टाइम फॉरेस्ट’, ‘ग्रीन शॉवर’ अशी पाण्याची, वनाची आणि हिरवाईची आहेत, आणि ही निवड अर्थपूर्ण वाटते. हिरोसे एक पाऊल पुढे गेले: ‘नोव्हा’मध्ये त्यांनी पाणी, पक्षी आणि किडे यांचे प्रत्यक्ष मुद्रित केलेले आवाज सिंथेसायझरच्या स्वरांत मिसळले, आणि भिंतीबाहेरचे जग थेट घरात आणले.

या दोन मुद्रिका शेजारी ठेवून ऐकल्या की निवारा या कल्पनेचा एक महत्त्वाचा पैलू उलगडतो. छपराने पाऊस अडवायचा असतो, पावसाचा आवाज नव्हे. उलट पागोळ्यांचा आवाज ऐकू येत राहतो म्हणूनच आत कोरडे बसल्याचे सुख जाणवते. बाहेरचे काय आत घ्यायचे आणि किती, हे ठरवता येणे हा निवाऱ्याचा गाभा आहे, आणि हे प्रमाण योशिमुरा यांना अधिक नेमके साधले आहे. हिरोसे यांचे निसर्गध्वनी सुंदर असले तरी ते कधीकधी खोलीच विसरायला लावतात.

‘सराउंड’ दीर्घकाळ संग्राहकांपुरतीच राहिली. 2003 साली योशिमुरा यांचे निधन झाले, आणि पुढे वीस वर्षांनी, 2023 साली, ती पुन्हा प्रकाशित झाली; ‘नोव्हा’चेही पुनःप्रकाशन झाले आहे. श्रोत्यांनी या मुद्रिका हेडफोन लावून ऐकू नयेत. खिडकी उघडी ठेवावी, आणि आवाज इतकाच ठेवावा की स्वयंपाकघरातली भांडी आणि रस्त्यावरची हाक त्याबरोबर सहज ऐकू येईल.