सनद हाती आली, पुढे काय?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बेळगावच्या कोर्टात काळा कोट घालून उभे राहणारी माणसे. या व्यासपीठावरून बहुधा सीमाप्रश्नावर बोलले जाते. महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याविषयी आपण सगळेच ऐकत आलो आहोत. आज मात्र आम्ही लहान दाव्यांबद्दल बोलणार आहोत. घराची वाटणी, शेताचा बांध, लेकीची पोटगी. हे दावे चालवायला आपल्या भाषेत बोलणारा वकील आणखी वीस वर्षांनी मिळेल का, एवढाच आमचा प्रश्न आहे.

एक अनुभव सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एक आजी आमच्याकडे आल्या. पिशवीत दोन कागद होते. एक सासऱ्यांच्या वेळचे मोडीतले खरेदीखत, दुसरा कन्नडमधला तडजोडीचा अर्ज. अर्जावर आजींचा अंगठा. "यात काय लिहिलंय ते मला कुणी वाचून दाखवलं नाही," असे त्या म्हणाल्या. अर्जात त्यांनी आपला हिस्सा सोडल्याचे लिहिले होते. आणि ते खरेदीखत? आम्हा स्वतःला मोडी येत नव्हती. वाचणारा माणूस शोधायला तीन आठवडे गेले. त्या आजींपुढे आमची मान खाली गेली, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो.

बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. आपल्या जुन्या घरांतल्या पेट्यांत मोडी आणि मराठी कागद आजही आहेत. कोर्टाचे काम मात्र कन्नड आणि इंग्रजीत चालते. म्हणजे इथल्या वकिलाला मराठी, कन्नड, इंग्रजी या तिन्ही भाषा हव्यात आणि मोडी लिपीही हवी. असा वकील आपोआप तयार होत नाही, तो घडवावा लागतो. तो घडवण्याची सोय आज कुठे आहे?

मुंबईत सॉलिसिटर व्हायचे तर अजूनही तीन वर्षे एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते आणि मग बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते. बाकीच्यांना असे काही बंधन नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने 1995 मध्ये एक वर्षाच्या सक्तीच्या प्रशिक्षणाचा नियम केला होता. कौन्सिलला तसा अधिकारच नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये तो रद्द केला. पुढे अखिल भारतीय बार परीक्षा आली. ती परीक्षा कायदा विचारते. उलटतपास कसा घ्यावा, कैफियत कशी लिहावी, घाबरलेल्या पक्षकाराकडून खरी हकिकत कशी काढून घ्यावी, हे सीनियरच्या ऑफिसातच शिकावे लागते.

आता पैशाचे बोलू. अॅडव्होकेट्स अॅक्टप्रमाणे सनदेची फी सर्वसाधारण उमेदवाराला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला 125 रुपये. प्रत्यक्षात निरनिराळी नावे देऊन राज्यांच्या बार कौन्सिल हजारो रुपये घेत होत्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात लिहिल्यापेक्षा एक पैसाही जास्त घेता येणार नाही, असा निकाल दिला. सामान्य घरातल्या मुलांसाठी ही मोठी गोष्ट झाली. तुमच्या घरातले कुणी सनद घेणार असेल तर हा निकाल लक्षात ठेवा.

पण सनद साडेसातशेत मिळाली तरी पुढची तीन वर्षे कशावर काढायची? ज्युनियरला सीनियर काय देतात? पेट्रोलपुरते पैसे, कुठे तेही नाहीत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये ज्युनियरला शहरात महिना 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या पुष्कळ सीनियरांची स्वतःचीच कमाई बेताची असते, हेही खरे. त्यात मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अट योग्यच आहे. मात्र ज्याच्या घरी तीन वर्षे पोसायची ऐपत आहे, त्यालाच ती झेपणार. मुलींच्या बाबतीत तर घरचे एका वर्षातच "किती दिवस फुकट जायचं?" असे विचारू लागतात.

पक्षकारांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत. कोर्ट फी सरकारजमा होते, ती वकिलाची फी नव्हे. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते. वकिलाची फी आधी ठरवा, शक्य तर लिहून घ्या आणि पावती मागा. दावा जिंकला तर अमुक टक्के, असा ठराव वकिलाला करता येत नाही. फी थकली म्हणून वकिलाला तुमचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्येच सांगितले आहे. वकिलाविरुद्ध ग्राहक न्यायालयात जाता येत नाही, हे मे 2024 च्या निकालाने स्पष्ट झाले. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची. आणि स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज पुरतो. त्या आजींना हे आधी कुणी सांगितले असते तर?

आता मंडळाकडे आमचे मागणे. पहिले, दरवर्षी दोन होतकरू मुला-मुलींना वकिलीची पहिली तीन वर्षे विद्यावेतन द्यावे. गणेशोत्सवाच्या वर्गणीतला थोडा भाग बाजूला काढला तरी सुरुवात होईल. त्यांना ऑफिसात घेऊन शिकवण्याचे आम्ही पत्करतो. दुसरे, मोडीचा वर्ग सुरू करावा. पहिल्या बाकावर आम्हीच बसू. तिसरे मागणे काहींना रुचणार नाही, तरी बोलतो. वकील होऊ पाहणाऱ्या आपल्या मुलांनी कन्नड उत्तम शिकावे, नुसते बोलण्यापुरते नव्हे, अर्ज लिहिण्याइतके. त्याने आपली मराठी कमी होत नाही. आपल्या माणसाचा अंगठा कोणत्या मजकुराखाली उमटतो आहे, ते वाचता येणे हेही मराठीचेच काम आहे.

भाषेचा हक्क मोर्चात मागावा लागतो, तसा तो कोर्टाच्या कठड्यापाशीही सांभाळावा लागतो. तिथे उभे राहणारे आम्ही आता पिकली पाने आहोत. आमची जागा घ्यायला कुणी यावे, एवढ्यासाठी आज बोललो.