माझी बॅच कोणती?

(हीरक महोत्सवानिमित्त आयोजित माजी विद्यार्थी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)

संस्थेचे सन्माननीय पदाधिकारी, ज्यांच्यासमोर आजही माझा आवाज आपोआप खाली येतो ते माझे गुरुजन, माजी विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि पालकहो,



आज या व्यासपीठावर मी दोन नात्यांनी उभी आहे. मुख्याध्यापिका म्हणून आपले स्वागत करणे हे माझे कर्तव्य आणि ते मी मनापासून करते. दुसरे नाते माजी विद्यार्थिनीचे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून पायी येऊन मी याच वास्तूत पहिली ते दहावी शिकले. आज जे बोलणार आहे, ते या दुसऱ्या नात्याने.

जुने वर्गमित्र भेटणार म्हटले की आनंद होतो, असे आपण सारेच म्हणतो. ते खोटे नाही. पण ते पूर्ण खरेही नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील मंडळींनी व्हॉट्सॲपवर गट केला आणि मलाही त्यात घेतले. मी आठ दिवस एक अक्षर लिहिले नाही. गेली कित्येक वर्षे सारे मला 'बाई' म्हणतात. त्या गटावर पहिल्याच सकाळी एकाने मला 'मुंगी' म्हणून हाक मारली. चाळीस वर्षे कष्टाने उभे केलेले माझे मोठेपण एका शब्दात विरघळले. राग आला, आणि त्याच क्षणी डोळेही भरून आले; कारण मला 'मुंगी' म्हणणारे आता जगात फार थोडे उरले आहेत.

मग आम्ही भेटलो. पहिला अर्धा तास कठीण गेला. कोणाचा मुलगा कॅनडात, कोणाचा बंगला अलकापुरीत, कोणी रिफायनरीतून मोठ्या पदावरून निवृत्त झालेला. ज्याचा धंदा बुडाला होता, तो उशिरा आला आणि जेवणाआधीच निघून गेला. त्याला कोणी काही बोलले नव्हते. आमच्या गप्पांचा ओघच त्याला परकेपणा देण्यास पुरेसा होता. पुढे हळूहळू बर्फाच्या गोळ्याची, सूरसागरच्या काठी वर्गणी काढून खाल्लेल्या शेव-उसळीची आठवण निघाली आणि आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. शेवटी छायाचित्र काढले. दहावीला आम्ही शेहेचाळीस होतो, त्यांपैकी सत्तावीस आले होते. सर्वांना ही संख्या फार समाधानाची वाटली.

मलाही वाटली. हीरक महोत्सवाच्या निमंत्रणांची यादी करायला बसले, तेव्हा ते समाधान गेले.

यादीसाठी शाळेचे जुने जनरल रजिस्टर काढले होते. जाड पुठ्ठ्याचे, लाल कापडी पाठीचे, कडा वाळवीने कुरतडलेले. आमच्या वर्षाचे पान उघडले. पहिलीत आम्ही साठ मुले होतो. साठ आणि शेहेचाळीस यांच्यामधली चौदा मुले कुठे गेली, हा प्रश्न मला चाळीस वर्षांत एकदाही पडला नव्हता. शेवटच्या रकान्यात त्याचे उत्तर होते. 'शाळा सोडल्याचे कारण' या शीर्षकाखाली कोणापुढे 'स्थलांतर' लिहिलेले, कोणापुढे 'घरगुती'. एका 'घरगुती'पाशी माझे बोट थांबले. ती माझ्या शेजारी, एकाच बाकावर सहा वर्षे बसलेली मैत्रीण होती.

तिची आई आमच्याकडे पोळ्या करायला येत असे. आठवीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी गणवेश नव्हता. ती निळा फ्रॉक घालून आली आणि मी साऱ्या वर्गासमोर म्हणाले, "अगं, हा तर माझा फ्रॉक!" माझ्या आईने तो तिच्या आईला दिला होता. मुली हसल्या. दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली. नववीच्या मध्यावर तिची शाळा सुटली. माझ्या एका वाक्यामुळे ती सुटली, असे म्हणणे अहंकाराचे होईल. तिच्या वडिलांची गिरणी बंद पडली होती आणि पाठीवर तीन भावंडे होती. पण या शाळेतले शेवटचे वर्ष तिने एकटीने काढले, ते मात्र माझ्यामुळे.

आमच्या ज्येष्ठ शिपाईमामांना विचारले, "ही कुठे असेल, काही कल्पना?" ते म्हणाले, "बाई, ती तर रोज येते. तिसरीतल्या नातीला न्यायला."

तीन वर्षे ती रोज फाटकाशी उभी राहत होती. तीन वर्षे मी तिच्यासमोरून जात होते. आणि मित्रहो, ही गोष्ट कबूल केलीच पाहिजे, की मेळाव्यात शाळेच्या आठवणींनी गहिवरलेल्या आम्हां सत्तावीस जणांपैकी एकाचेही मूल वा नातवंड या शाळेत शिकलेले नाही. माझा मुलगाही इंग्रजी माध्यमात शिकला. जिला ही शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, तिनेच आपली नात विश्वासाने येथे आणली.

त्या दुपारी मी फाटकापाशी गेले आणि तिला नावाने हाक मारली. ती म्हणाली, "ओळखलंत का, बाई?" मी म्हटले, "तू आधीच ओळख का दिली नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही मोठ्या झालात. आणि नातीला उगाच वाटायला नको, की आजीची ओळख आहे." मी फ्रॉकची गोष्ट काढली आणि क्षमा मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "निळा होता. कापड चांगलं होतं. पुढे दोन वर्षं वापरला मी." क्षमा केली असे ती म्हणाली नाही, आणि मीही पुन्हा विचारले नाही. मेळाव्याचे निमंत्रण दिले, तेव्हा तिने सरळपणे विचारले, "पण बाई, माझी बॅच कोणती?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आपण बॅच ओळखतो ती दहावीच्या वर्षावरून. ज्याने दहावी गाठली नाही, त्याला बॅच नाही, गट नाही, छायाचित्रात जागाही नाही. ज्या नगरीत महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग करून पाहिला आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात मुलांसाठी व मुलींसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्या नगरीत आपण वाढलो. प्रत्येक मूल शाळेत आलेच पाहिजे, हा त्या कायद्याचा आग्रह होता. आलेले प्रत्येक मूल आपले, एवढे तरी आपण मानायला हवे होते.

म्हणून या महोत्सवाची निमंत्रणे आम्ही पहिलीच्या प्रवेशवर्षाप्रमाणे काढली. शिपाईमामा, आमचे लिपिक आणि नववीची मुले यांनी जुन्या पत्त्यांवर जाऊन चौकशी केली. पुष्कळ घरे आता तेथे नाहीत. काही जण या जगात नाहीत. काहींनी नम्रपणे नकार दिला. तोही आम्ही मानाने स्वीकारला. आज या सभागृहात असे काही जण बसले आहेत, ज्यांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलेले आहे. माझी मैत्रीणही आली आहे. ही हकीकत मी तिच्या परवानगीने सांगितली. ती कुठे बसली आहे ते सांगायचे नाही, अशी तिची अट आहे आणि ती मी पाळणार आहे.

माजी विद्यार्थी मित्रहो, आता आपण वर्गावर्गांतून बसाल, हसाल, टोपणनावांनी हाका माराल. जरूर मारा. मनात थोडी धास्ती, थोडी असूया, थोडी लाज असेल, तर तिचेही वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला लहानपणी पाहिलेल्या माणसांसमोर उभे राहणे सोपे नसतेच. एवढेच करा, की छायाचित्रासाठी उभे राहण्यापूर्वी एकदा मोजा. पहिलीत आपण किती होतो, ते आठवा. प्रत्येक वर्गाचे रजिस्टर आज कार्यालयात टेबलावर उघडे ठेवले आहे. एखादे नाव सापडले आणि त्याचा ठावठिकाणा आपल्याला माहीत असेल, तर समोरच्या वहीत लिहून जा.

आणि पालकहो, आपली मुले आज ज्या बाकांवर बसतात, तेथे शेजारी कोण बसते, हे त्यांना अधूनमधून विचारत जा. नुसते नाव नको. ती मैत्रीण काल का आली नव्हती, हेही विचारा. हा प्रश्न माझ्या घरी मला कोणी विचारला असता, तर कदाचित आज मला हे भाषण करावे लागले नसते.

आपण सर्व आलात. शाळा आपली ऋणी आहे.