उद्या सकाळचं काम



घरात मोठं आजारपण येऊन गेलं, आणि त्यात माणूस गेला, की लोक भेटायला येतात आणि काही प्रश्न विचारतात. आम्हा ख्रिस्ती माणसांना त्यातला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुम्ही एवढ्या प्रार्थना केल्यात. चर्चमध्ये केल्यात, घरी केल्यात. मग उपयोग काय झाला?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते. पुष्कळदा तो स्वतःच कुठल्यातरी दुःखातून जात असतो आणि आपल्या उत्तरातून त्याला त्याचं उत्तर शोधायचं असतं. आज या प्रश्नाचं मला जमेल तसं उत्तर द्यावं, असं मी ठरवलं आहे.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहत होतो. एकशेसाठ चौरस फुटांची खोली, मधून जाणारा लांब व्हरांडा आणि एकेका मजल्यावर वीस बिऱ्हाडं. मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान आधी गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर मिळेल ती नोकरी करत राहिले. पण विचाराल तर ते स्वतःची ओळख वेगळी सांगायचे. "मी चर्चमध्ये पेटी वाजवतो," म्हणायचे. रविवारच्या उपासनेला 'उपासना संगीत' उघडलं की कुठलं गीत कुठल्या पट्टीत घ्यायचं, हे पाळकसाहेबसुद्धा त्यांनाच विचारत.

२०१४ च्या जून महिन्यात त्यांना घास गिळताना अडकायला लागला. आधी पोळी, मग भात, मग पाणी. तपासण्या झाल्या. अन्ननलिकेचा कर्करोग निघाला. नायगावहून भोईवाड्यातून जेरबाई वाडिया रस्त्याला लागलं की परळचं टाटा रुग्णालय चालत जाण्यासारखं आहे. रुग्णालयासमोरच्या रस्त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आहे. ते याच रुग्णालयातले नामवंत कर्करोगतज्ज्ञ. चंद्रपूरहून, नांदेडहून, पार बिहार-बंगालमधून आलेली माणसं तिथे पदपथावर पथारी टाकून राहतात. आम्ही संध्याकाळी स्वतःच्या घरी, स्वतःच्या अंथरुणावर परतत होतो. हे म्हणत, "अगं, आपण यांच्यातले श्रीमंत."

रेडिएशन झालं, केमोथेरपी झाली. मधे काही महिने बरे गेले. मग पुन्हा गिळणं बंद झालं आणि नाकातून नळी घातली. पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं दोनदा गाळून त्या नळीतून द्यायचं. एका रात्री नेहमीसारखी मी प्रार्थनेला बसले, तर हे म्हणाले, "आज आभार मानू नकोस. आज मला देवाशी भांडायचंय."

मी पवित्र शास्त्र काढलं आणि त्यांना अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचून दाखवलं. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. लोकांना त्यातलं मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र माहीत असतं. पण त्या दीडशेंमध्ये बरीचशी स्तोत्रं तक्रारीची आहेत. देवा, तू कुठे आहेस, किती दिवस तोंड फिरवून बसणार आहेस, असं स्पष्ट विचारणारी. त्यातली बहुतेक शेवटी आशेकडे वळतात. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. ज्यांनी शास्त्र जुळवलं, त्यांनी ते स्तोत्र गाळलं नाही. शेवटाला गोड असं एखादं कडवंही जोडलं नाही. तसंच ठेवलं. माझं वाचून झाल्यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्या आधीही कुणीतरी इथे येऊन गेलंय."

श्रोतेहो, विश्वासाने मला दिलेली पहिली गोष्ट ही. रडायची आणि तक्रार करायची मुभा. लाजारसाच्या कबरेपाशी प्रभू येशू रडला, असं योहानाच्या शुभवर्तमानात आहे. आपण याला आता उठवणार आहोत हे ठाऊक असूनही तो रडला. गेथशेमाने बागेत त्यानेही, हे दुःख टळावं अशीच विनवणी केली, आणि ते टळलं नाही. मग मी डोळे पुसून, हसरा चेहरा करून देवासमोर उभं राहावं, अशी अपेक्षा माझ्याकडून कोण करणार?

अर्थात माणसं करतात. आजाऱ्याला भेटायला येणारे नाना तऱ्हांचे असतात. एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "औषधं बंद करा. नुसती प्रार्थना करा. बरं वाटत नाही, याचा अर्थ तुमचा विश्वास कमी पडतोय." अंथरुणावरच्या माणसाला असं सांगणं म्हणजे दुखण्यावर अपराधाचं ओझं ठेवणं. यजमानांचा आवाज तोवर बसला होता. तरी ते हळूच म्हणाले, "साहेब, लूक कोण होता?" लूक हा शुभवर्तमान लिहिणारा, आणि पौलाने आपल्या पत्रात त्याला वैद्य म्हटलं आहे. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला मिशनचं रुग्णालय सुरू केलं, ते प्रार्थना आणि औषध एकमेकांचे वैरी आहेत असं समजून नव्हे. माझ्या घरात प्रार्थना आणि गोळ्यांचा डबा एकाच फळीवर होता. कुठल्याही धर्माच्या श्रोत्यांना मी हात जोडून सांगते, श्रद्धेच्या नावाखाली कुणाचे उपचार थांबवू नका.

ईयोबाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड आले. त्याचे तीन मित्र भेटायला आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ते बोलायला लागले, तुझ्या हातून काही पाप घडलं असेल म्हणू लागले, आणि सगळं बिघडलं. आजाऱ्याच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट लक्षात ठेवावी. बसायला जा. कारण सांगायला जाऊ नका.

आमच्याकडे असं बसणारी माणसं होती, ही दुसरी गोष्ट. चर्चच्या महिला मंडळाने एक शंभर पानी वही केली. त्यात वार आखले. सोमवारी डबा कुणी द्यायचा, बुधवारी रुग्णालयात रांगेत कुणी उभं राहायचं, शनिवारी रात्री कुणी जागायचं, म्हणजे मी झोपू शकेन. ख्रिस्ती प्रीतीवर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. मला ती कळली त्या वहीतून. आणि वहीत नाव नसलेली माणसंही होती. समोरच्या खोलीतल्या बौद्ध काकू रोज सकाळी पेज गाळून आणत. खालच्या मजल्यावरच्या मावशी गणपतीच्या दिवसांत आधी आमच्याकडे विचारून जात, "लाउडस्पीकरचा भाऊजींना त्रास होत नाही ना?" चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट येशूने सांगितली, तीही परक्या जमातीतल्या माणसाचीच होती.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये हे गेले. चौदा महिन्यांचं आजारपण संपलं. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना ठेवून आम्ही परत आलो.

आजारपणात माणसाला पुढचं काम दिसत असतं. सातला गोळी, आठला नळी, दहाला ओपीडी. माणूस गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काहीच नसतं. ते रिकामेपण मला मृत्यूपेक्षा जड गेलं. त्या दिवसांत मला आधार झाला तो पंडिता रमाबाईंचा.

रमाबाईंची समाजसुधारक म्हणून आपल्याला ओळख आहे. पण त्यांच्या घरातले मृत्यू मोजून पाहा. १८७४ च्या सुमारास, दुष्काळात वणवण करताना वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई, मग बहीण. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही पटकीने गेले. रमाबाई तेव्हा चोवीसच्याही नव्हत्या आणि पदरात वर्षाचीही न झालेली मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ च्या मार्चमध्ये, इथेच मुंबईत, गिरगाव चौपाटीजवळ त्यांनी शारदा सदन काढलं. नंतर ते पुण्याला गेलं आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली घेऊन आल्या. भूक म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

पण विश्वास आला आणि दुःख थांबलं, असं त्यांच्या बाबतीत झालं नाही, आणि म्हणूनच त्या मला जवळच्या वाटतात. मनोरमा मोठी झाली, शिकली, आईच्या कामात उजवा हात झाली. आपल्यानंतर हे सगळं हीच पाहील, असं आईच्या मनात होतं. १९२१ च्या जुलैमध्ये, चाळिशीत, मनोरमा गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, प्रकृती ढासळली होती. त्यांनी हाती घेतलेलं एक काम अपुरं होतं. खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचं भाषांतर. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या होत्या. छपाईही मुक्तीतच, तिथल्या बायकांच्या हातून चालली होती. लेक गेल्यानंतरचे महिने त्या मुद्रितं तपासत राहिल्या. १९२२ च्या ५ एप्रिलला त्यांनी देह ठेवला. पुढे १९२४ मध्ये ते बायबल बाहेर पडलं.

लेक गेलेल्या आईला मुद्रितं कशी दिसली असतील, याचा मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, तिला 'का' या प्रश्नाचं उत्तर मिळालं नसेल. तिला उद्या सकाळचं काम मिळालं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. १९१९ मध्ये रेव्हरंड टिळक मुंबईत वारले आणि त्यांचं 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरं राहिलं. शाळेत फारशा न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. त्यातला मोठा भाग त्यांचा आहे. 'स्मृतिचित्रे'ही त्यांनी पतीच्या माघारीच लिहिलं.

आणि हे केवळ आम्हा ख्रिस्ती लोकांपुरतं नाही. १९३१ मध्ये मेहेरबाई टाटा ल्युकेमियाने गेल्या. सर दोराबजींनी पत्नीच्या स्मरणार्थ १९३२ मध्ये विश्वस्त निधी स्थापला आणि त्याच वर्षी तेही गेले. टाटांच्याच विश्वस्तांनी पुढे परळला कर्करोगाचं रुग्णालय उभारलं. ते १९४१ च्या फेब्रुवारीत सुरू झालं. ज्या दारातून आम्ही चौदा महिने आत-बाहेर केलं, त्या दाराच्या मागेही एका घरातलं दुःख आहे.

माझं काम लहानसं आहे. दादर पूर्वेला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. उपचारांसाठी बाहेरगावहून आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. अशा बाहेरगावच्या कुटुंबांना मी आठवड्यातून दोन दिवस भेटते. अर्ज भरून देते. कुठली खिडकी, कुठला कागद, हे समजावते. नळीतून अन्न कसं द्यायचं ते दाखवते. रुग्णाला उशी देऊन उठवून बसवायचं, दोनदा गाळायचं, सावकाश सोडायचं, आधी आणि नंतर थोडं पाणी सोडून नळी स्वच्छ करायची. हे मला डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी शिकवलं, ते मी पुढे देते. मी कुणाला धर्म सांगत नाही. कुणी विचारलं, "बाई, तुम्ही हे का करता?" तर सांगते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येते. एवढ्या प्रार्थनांचा उपयोग काय झाला? माझे यजमान वाचले नाहीत. मी त्यासाठीच प्रार्थना केली होती आणि ते मिळालं नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, आमची पुन्हा भेट होईल असं मी मानते. पण त्या आशेने दुपारी चारचा एकटीचा चहा गोड होत नाही. मला जे मिळालं ते असं. देवाशी भांडता आलं आणि तरी त्याचं दार बंद झालं नाही. चौदा महिन्यांत एकही रात्र अशी आली नाही की मला हाक मारायला कुणी नव्हतं. आणि ते गेल्यावर, काही काळाने का होईना, सकाळी उठायला कारण मिळालं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आत्ता आजारपण असेल, तर मोठं उत्तर शोधत बसू नका. आज रडायचं असेल तर रडा, आपल्या देवाशी भांडायचं असेल तर भांडा. शेजारीण 'काही करू का' म्हणाली तर 'नको' म्हणू नका, तिला पेज गाळायला द्या. आणि तुमच्या शेजारच्या घरात आजारपण असेल, तर आज संध्याकाळी एक वही घ्या आणि वार आखा.