गड चढून दमलेला मावळा

इअरफोन लावलेत ना? आज गोष्ट आहे बोटाएवढ्या माणसांची.

दिवाळीत किल्ला करायचो, आठवतंय? गोणपाटावर चिखल थापायचा, हळीव पेरायचे आणि बाजारातून आणलेले मावळे बुरुजावर उभे करायचे. सगळे एकाच साच्यातले. छाती पुढे, पाय जुळलेले, आणि कपडे म्हणजे अंगावर फासलेला नुसता रंग. मला त्या मावळ्यांचं वेड लागलं ते लागलंच. कॉलेजात असताना मी स्वतःच मावळे घडवायला लागलो.

माझं माप ५४ मिलिमीटर. म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण बत्तिसावा हिस्सा. आत तारेचा सांगाडा, वर इपॉक्सी पुट्टी. दोन रंगांच्या पट्ट्या एकत्र मळायच्या, की तास-दीड तास हातात मिळतो. मग ती घट्ट व्हायला लागते.

पहिला मावळा झाला आणि मी तो मोठ्या ऐटीत आजीला दाखवला. बाराबंदी, धोतर, मुंडासं, कमरेला शेला, सगळं होतं. तिनं चष्मा लावला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "छान आहे रे. पण हा गड चढलेला दिसत नाही. आत्ताच इस्त्रीचे कपडे घालून आलाय."

राग आला मला. खरं सांगतो, दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं ट्रंक उघडली आणि आजोबांचं धोतर काढलं. आजोबा गेल्यापासून त्या धोतराची घडी मोडली नव्हती. म्हणाली, "नेस. आणि गच्चीपर्यंत चारदा चढउतार कर."

नेसता कुठं येत होतं! निऱ्या तिनंच घालून दिल्या, कासोटा खोचायला शिकवलं. चौथ्या फेरीला धापा टाकत मी जिन्यात थांबलो. एक पाय वरच्या पायरीवर, हात गुडघ्यावर. आजी खालून म्हणाली, "हां, तस्साच थांब. हलू नकोस. आता खाली बघ, कापड काय करतंय ते."

मंडळी, त्या जिन्यात मला जे कळलं, ते कुठल्याच व्हिडिओत कळलं नव्हतं.

एक. कापडाला स्वतःचा आकार नसतो. ते कुठून तरी लटकतं किंवा कुठं तरी ताणलं जातं. वाकलेल्या गुडघ्यावर धोतर ताणून गुळगुळीत झालं होतं आणि तिथून चुण्या मांडीकडे पसरत गेल्या होत्या. खांदा, काख, कोपर, कंबर, गुडघा: चुण्या इथूनच निघतात. मी मात्र सुईनं सगळीकडे सारख्या रेघा ओढल्या होत्या.

दोन. आधी शरीर, मग कपडे. आता मी आधी उघडा माणूस घडवतो, तो पूर्ण सुकू देतो आणि मगच त्याला कपडे चढवतो. एका पायावर भार टाकून उभा असेल, तर त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि खांदा खाली येतो. गळ्याची खळगी भाराच्या पायाच्या घोट्यावर ओळंब्यात यायला हवी. नाही आली, तर बाहुला पडतोय असं वाटतं.

तीन, जाडी. या मापात एक मिलिमीटर जाडीचं कापड म्हणजे खऱ्या माणसाच्या अंगावर सव्वातीन सेंटिमीटरची गोधडी! म्हणून प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये टाल्कम पावडर भुरभुरून पुट्टी लाटायची, पापडापेक्षाही पातळ. दिसणारी कड तेवढी पातळ ठेवायची. हत्याराला पाण्याचं बोट लावत राहायचं, नाहीतर पुट्टी चिकटते.

आणि अभ्यास हवाच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दख्खनी लघुचित्रं आहेत. असली जुनी चित्रं तासभर बघा. जामा घातलेला माणूस दिसला, तर बंद कुठल्या काखेखाली आहेत ते बघा. हिंदू सहसा डावीकडे बांधत, मुसलमान उजवीकडे. एवढी बारीक गोष्ट चुकली, तरी माणूस बदलतो.

दुसरा मावळा करायला मला सात आठवडे लागले. त्याच्या हातात तलवार उगारलेली नाही. तो चढावर थांबलाय, हात गुडघ्यावर, शेला सैल झालेला, पाठीला बाराबंदी चिकटलेली. आजीनं तो तळहातावर घेतला. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेताचा चढ चढून आले, की हे अस्सेच उभे राहायचे."

आजोबांचा एकच फोटो आहे आमच्याकडे, तोही खुर्चीत बसलेला. उभे कसे राहायचे, हे मला त्या दिवशी कळलं.

आजी आता नाही. मावळा आहे. दर दिवाळीत तो किल्ल्याच्या अर्ध्या वाटेवर उभा असतो, आणि सोसायटीतली पोरं विचारतात, "दादा, हा लढत का नाहीये?" मी सांगतो, "अरे, आधी वर तर पोचू दे त्याला."

तुम्हाला सुरुवात करायची असेल, तर पुट्टी नंतर आणा. आधी आरशासमोर सैल कुडता घाला, एका पायावर भार टाका आणि मोबाइलवर फोटो काढा. चुण्या कुठून निघतात, ते बोटानं शोधा. आणि घरात कुणी धोतर किंवा नऊवारी नेसणारं असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा. भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा!