एक ते दहा आणि परत : वीस अंकी मूळ संख्या

आज एकच संख्या. फोनवर टाइप करा: एकपासून दहापर्यंत चढायचं आणि नऊ, आठ, सात करत परत एकवर उतरायचं. १२३४५६७८९१०९८७६५४३२१. वीस अंक झाले. ही मूळ संख्या आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही.

दिसायला भारी म्हणून मूळ, असं नसतं हं. नऊपर्यंतच चढा आणि परत उतरा: १२३४५६७८९८७६५४३२१. ही पण तेवढीच देखणी, पण मूळ नाही. नऊ वेळा एक लिहून त्या संख्येचा वर्ग केला की हीच येते. अशा संख्यांना द. रा. कापरेकरांनी 'डेम्लो संख्या' म्हटलं. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना ही कल्पना सुचली. देवळालीच्या शाळेतले मास्तर, पदव्युत्तर पदवी नाही, त्यामुळे आपल्याच लोकांनी त्यांचं काम पोरखेळात काढलं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिलं, मग जगाला नाव कळलं. मला हे अजून खटकतं.

असो. आपली वीस अंकी संख्या मूळ आहे हे तपासायचं कसं? शाळेतल्या पद्धतीने वर्गमुळापर्यंत भागत जायचं तर मजल ३५१ कोटींपर्यंत जाते. त्याआधी एक खड्डा आहे. जावाच्या लाँगमध्ये जास्तीत जास्त ९२२३३७२०३६८५४७७५८०७ मावतं. आपली संख्या त्याहून मोठी. लूपमध्ये एकेक अंक जोडत ती बनवली तर एरर येत नाही, गुपचूप −६१०१०६५१६२७२१८९७२९५ तयार होते. शेवटी पाच! म्हणजे प्रोग्राम बिनधास्त सांगणार, पाचने भाग जातो.

पायथॉनमध्ये ही भानगड नाही. तिथे मिलर-राबिन चाचणी लावा. ती भागाकार करत बसत नाही. एखाद्या लहान संख्येचा प्रचंड घात घेऊन बाकी बघते. बाकी ठरल्यासारखी आली नाही, तर संख्या मूळ नाहीच. एवढ्या आकारासाठी २ ते ३७ या बारा मूळ संख्यांनी तपासलं की उत्तर पक्कं, अंदाज नाही. साडेतीनशे कोटींच्या जागी बारा चाचण्या! वाटूर फाट्यावर एसटी येईपर्यंत फोनवरच होऊन जातं.

मग अकरापर्यंत चढलं तर? बारा, तेरा, शंभर? एकही मूळ नाही. पुढची थेट २४४६ वर सापडली, २०१५ मध्ये, आपल्याच श्यामसुंदर गुप्तांना. १७,३५० अंक. पण एवढ्या मोठ्या संख्येला बारा चाचण्यांची खात्री लागू होत नाही, म्हणून जाहीर झाली तेव्हा तिच्यावर शिक्का होता 'बहुधा मूळ'.