गाडी पेट्रोल जास्त पिते?
बोरीहून जिंतूर-परभणीच्या फेऱ्या मारणारी तुमची जुनी इंजेक्शनवाली गाडी पेट्रोल जास्त पीत असेल, तर सायलेन्सरच्या पाइपावरचा ऑक्सिजन सेन्सर तपासून घ्या. वजनाने एक भाग पेट्रोलला साधारण 14.7 भाग हवा, हा मेळ त्याच्या खबरीवर जमतो. गरम झालेला धडधाकट सेन्सर 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये सारखा वर-खाली होतो. जुना झाला की सुस्तावतो. पण लगेच नवा घेऊ नका हं! त्याच्या अलीकडच्या, इंजिनाकडच्या पाइपाच्या जोडाला फट असली, तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला पेट्रोल कमी पडतंय असं वाटतं, आणि ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, उगाच पेट्रोल वाढवतो. जोडाभोवती काजळी दिसली, तर मेकॅनिकला आधी गास्केट बदलायला सांगा.